शास्त्रीय संगीत : मैफलीबाहेरचे, रोजच्या जगण्यातले

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस भरला, की दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पाळणे, खेळणी, बांगड्या आणि मेवामिठाईच्या दुकानांची दाटी होते. या उरुसातला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. सर्व धर्मांच्या भाविकांच्या या गर्दीतून वाट काढत आवारात शिरले, की चिंचेच्या झाडापाशी तंबोरे जुळवल्याचा आवाज कानी पडतो. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ येथेच बसून मीरासाहेबांपुढे गानसेवा रुजू करीत. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा भरू लागली. तिला तिकीट नाही, प्रवेशिका नाही. पाळण्यात बसून आलेली मुले, डोक्यावर पदर घेतलेल्या खेड्यातल्या बायका, पानपट्टी बंद करून आलेला दुकानदार आणि बंदिशीचे शब्द पुटपुटणारा जाणकार असे सारे एकाच जमिनीवर मांडी घालून बसतात. ज्याला कंटाळा येतो तो उठून जातो. ज्याला येत नाही तो मध्यरात्र उलटली तरी हलत नाही.

‘शास्त्रीय संगीत आवडते हो, पण त्यातले काही कळत नाही,’ हे वाक्य शहरी घरांतून हमखास ऐकू येते. त्यात थोडा विनय असतो आणि थोडी भीतीही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा सांगीतिक इतिहास चाळला, तर ही भीती फारशी जुनी नाही, असे दिसते. येथे रागदारी लोकांपर्यंत आली ती नाटकातून, कीर्तनातून, उरुसातून, तबकड्यांतून आणि रेडिओवरून. कळते का, असे तिने कोणाला विचारले नाही.

नाटकाच्या तिकिटावर रागदारी

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांचा त्याला आश्रय होता. त्या नाटकात आजच्या अर्थाने संवाद थोडे. सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे त्यानुसार वावरत. मराठी रंगभूमी जन्मली तीच गात गात. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांची ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आली. जरठ-बालाविवाहासारखा सामाजिक विषय आणि घरात सहज गुणगुणता येतील अशा चाली, असा तिचा दुहेरी प्रभाव होता.

रागदारी प्रेक्षकांच्या पदरात खऱ्या अर्थाने टाकली ती मात्र सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ने. १९११ मध्ये आलेल्या या नाटकाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. ख्याल-ठुमरीच्या चाली त्यांनी मराठी पदांना चपखल बसवल्या. १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. ज्यांनी कधी मैफलीचा उंबरा ओलांडला नव्हता, असे कारकून, व्यापारी आणि शेतकरी नाटकगृहात बसून एकेका पदाला ‘वन्स मोअर’ देऊ लागले. नागठाणे हे मूळ गाव असलेले नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व हे या साऱ्याचे केंद्र. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून ते शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले तेही मिरजेतच.

आज नाट्यपद म्हटले, की त्याला ‘अर्धशास्त्रीय’ असे लेबल लावून एका बाजूला ठेवले जाते. त्या काळच्या श्रोत्याला हा भेद जाणवतही नसावा. खुद्द अब्दुल करीम खाँ यांनी ‘मानापमान’मधले देवगंधारातले पद ध्वनिमुद्रित केले आहे. ख्याल गाणाऱ्या एवढ्या मोठ्या गवयाला नाटकातले पद गाण्यात कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटून घेण्याची सवय नंतरच्यांची.

ही परंपरा अजूनही लोकप्रिय करमणुकीत अधूनमधून उसळी घेते. २०११ चा ‘बालगंधर्व’, २०१५ चा ‘कट्यार काळजात घुसली’ आणि २०२५ च्या जानेवारीत आलेला ‘संगीत मानापमान’ हे तीनही चित्रपट मराठी संगीत नाटकाच्या खांद्यावर उभे आहेत. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार’ हे नाटक १९६७ चे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. पडद्यावरच्या ‘कट्यार’मध्ये पंडित भानुशंकरांना खाँसाहेब प्रथम भेटतात तेही मिरजेत. हा चित्रपट पाहून आलेल्या कितीतरी तरुणांच्या मोबाइलवर पुढचे काही महिने तराणे आणि कव्वाल्या वाजत होत्या. त्यांतल्या बहुतेकांना रागांची नावे माहीत नव्हती, आणि त्यामुळे काही अडलेही नाही.

तीन मिनिटांचा राग

अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातील कैरान्याचे. बडोद्याहून निघून फिरत फिरत ते या भागात आले आणि मिरजेचे झाले. मीरासाहेबांवर त्यांची अपार श्रद्धा होती. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेतच झाला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर असताना सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्थानकावर खाँसाहेबांचे देहावसान झाले. छातीत कळ आल्याने ते गाडीतून उतरले, फलाटावर अंथरूण घातले आणि सुरातच ईश्वराचे स्मरण करीत गेले, असे सांगितले जाते. त्यांचे पार्थिव मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले.

खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका हा रोजच्या जगण्यातल्या संगीताचा एक विलक्षण धडा आहे. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तासभर उलगडणारा राग एवढ्यात कसा मावणार, म्हणून अनेक गवई तबकडीकडे पाठ फिरवून बसले. खाँसाहेबांनी मात्र त्या तीन मिनिटांत भैरवीतली आणि झिंझोटीतली ठुमरी अशी काही मांडली, की त्या तबकड्या हॉटेलांत आणि पानाच्या दुकानांत वाजू लागल्या. १९३५ च्या ‘देवदास’ चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी हीच झिंझोटीची ठुमरी आपल्या ढंगाने गायिली आणि ती देशभर पोहोचली. गदगच्या एका मुलाने खाँसाहेबांची ही तबकडी दुकानात ऐकली. असे गाणे आपल्याला आलेच पाहिजे, या ध्यासाने १९३३ मध्ये त्याने घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ झळकले, तेव्हा त्याचा आरंभ भीमसेनजींच्या भैरवीने झाला होता.

मोबाइलच्या छोट्या पडद्यावर मिनिटभराची तान ऐकणाऱ्या पिढीविषयी काळजी वाहणाऱ्यांनी ही साखळी ध्यानात ठेवावी. थोडक्यात ऐकणे हा दोष नव्हे. दुकानातली तीन मिनिटे ऐकून तो मुलगा पुढे गुरू शोधत फिरला. आपली पुढची पायरी कोणती, एवढाच प्रश्न आहे.

औंधची रात्र

सातारा जिल्ह्यातले औंध हे संस्थान लहान, पण रसिकता मोठी. श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. यमाईच्या डोंगरावरचे चित्रसंग्रहालय ही त्यांचीच देणगी. त्यांच्या दरबारात पं. अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतुबुवा, हे राजगायक होते. अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांना दिले जाते आणि त्यांचा बराच काळ मिरजेत गेला. अंतुबुवांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंधला संगीतोत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव पं. गजाननबुवा जोशी हे गायक आणि व्हायोलिनवादक असे दोन्ही. त्यांनी तो वाढवला. त्यांच्या शिष्यपरिवाराने तो आजवर चालवला आहे. दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला, म्हणजे कोजागरी झाली की चार-पाच दिवसांत, हा उत्सव असतो. देशातील नामवंत कलावंत तेथे गातात आणि प्रवेश विनामूल्य असतो.

औंध हे शहर नाही, वाटेवरचे गावही नाही. तेथे मुद्दाम जावे लागते. मुंबई-पुण्याचे रसिक तेथे गाड्या घेऊन येतात, ही आनंदाची गोष्ट. पण उत्सव ज्यांच्या गावात आहे, ते खटाव-माणचे लोक सभेत किती बसतात, हा त्याहून मोलाचा प्रश्न आहे. खेड्यातल्या भजनी मंडळात हार्मोनियम वाजवणारा माणूस आणि व्यासपीठावरचा गवई यांच्यात नाते जोडण्याची संधी अशा ठिकाणीच असते. पखवाजावर धुमाळी लागली, की भजनी मंडळातला शेतकरी समेवर अचूक टाळ टाकतो. विलंबित एकतालातली बारावी मात्रा संपून पहिली येते तेव्हा मान डोलावणे हे त्याच कौशल्याचे दुसरे रूप आहे. कोणीतरी त्याला ते सांगायला हवे.

भजनी मंडळी आणि कीर्तनकार शेवटी भैरवी म्हणतात. मैफलीची सांगताही भैरवीनेच होते. रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद कोमल असलेली ही रागिणी सातारा-सांगलीच्या खेडुतांनी जन्मभर ऐकलेली असते. तिचे नाव मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तिकीट हीसुद्धा एक वाट

विनामूल्य सभांचे कौतुक करताना तिकिटाला नावे ठेवण्याची प्रथा आहे. इतिहास थोडा वेगळा आहे. कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. उपचारासाठी मिरजेस आणले असता ते तेथेच बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकले. एका समारंभाचे निमंत्रण त्यांना मिळाले, गुरूंना मात्र मिळाले नाही. ‘ते तर गवई,’ असे कारण ऐकून ते व्यथित झाले, अशी हकीकत सांगितली जाते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाच्या दिवाणखान्यात निवडक पाहुण्यांनी ऐकायचे गाणे त्या तिकिटामुळे कोणालाही ऐकता येऊ लागले. चार आण्यांचे तिकीट ही त्या काळी मुक्तीची किल्ली होती.

त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा कारभार मिरजेतून चालत आला आहे. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या या परीक्षा महाराष्ट्रातल्या लाखो घरांना ठाऊक आहेत. शाळा सुटल्यावर मुलगी पेटी-तबल्याच्या वर्गाला जाते, दहावीत क्लास थांबतो, प्रवेशिकेचे प्रमाणपत्र कपाटात राहते, ही तर घरोघरची कथा. परीक्षेत रागाचे आरोह-अवरोह पाठ होतात, ऐकण्याची गोडी लागतेच असे नाही, ही टीका रास्त आहे. तरीही ज्या घरात एकाने तरी ‘भूप’ शिकलेला असतो, त्या घरातला रेडिओ निराळा ऐकला जातो.

सतारमेकर गल्ली

गाण्याच्या सभा, परीक्षा, चित्रपट या साऱ्यांच्या मुळाशी एक आवाज असतो. तो मिरजेत तयार होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील शिकलगार कुटुंबांनी शस्त्रांना धार लावण्याचे काम सोडून तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. तलवारींचे दिवस सरले होते. हातातली कारागिरी शिल्लक होती. फरीदसाहेब हे त्यांतले आद्य नाव. त्यांच्या वंशजांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले आणि वस्तीला ‘सतारमेकर गल्ली’ म्हणू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

गल्लीत शिरले, की दारादारांत वाळलेल्या भोपळ्यांचे ढीग दिसतात. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. जाड सालीचा, पोटाने मोठा असा हा खास भोपळा मंगळवेढ्याच्या परिसरातून येतो. तो वाळवतात, भिजवतात, कापून आतला गर काढतात आणि हवा तसा गोल आकार देऊन पुन्हा वाळवतात. त्यावर तबली बसते, दांडी जोडली जाते, नक्षी आणि पॉलिश होते. पूर्वी नक्षीसाठी हस्तिदंत वापरत. वन्यजीव कायद्यानंतर ते थांबले आणि प्लॅस्टिक आले. डोळ्यांना दिसणारे काम येथवर. खरा कस त्यानंतर लागतो, जवारी काढताना.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट दिसतो, प्रत्यक्षात त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि मूळ स्वरासोबत त्याचे अनेक उपस्वर जागे होतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा असतो. तो केसभर मागेपुढे सरकवला, की एके ठिकाणी आवाज एकदम उघडतो, तंबोरा ‘बोलू’ लागतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. कानशीने घोडी किती घासायची, याचे माप कोणत्याही पट्टीवर नाही. ते कारागिराच्या कानात असते. अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर जे संशोधन केले, त्या प्रयोगांना खाँसाहेबांनी आपला गळा दिला होता. देवलांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

आता धोका आहे तो येथे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग मोबाइलमधला. वर्गात, रियाजाला, प्रवासात त्याची सोय मोठी. त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. पण ज्या घरात पूर्वी एक तंबोरा असे, तेथे आता बटण असते. खऱ्या तंबोऱ्याला हवामान सोसत नाही, तारा उतरतात, जवारी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा काढावी लागते. एक वाद्य पूर्ण व्हायला कित्येक आठवडे जातात. एवढ्या कष्टाचे मोल देणारे गिऱ्हाईक कमी झाले, तर कारागिराचा मुलगा दुसरा धंदा शोधणारच. मानांकनाचा कागद वाद्याचे नाव जपेल. कान तयार करायचा असेल, तर मुलाला बापाशेजारी बसून वर्षानुवर्षे तारा ऐकाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट. मिरवणुकांतल्या ‘डॉल्बी’ने या दोन्ही जिल्ह्यांत काही वर्षे उच्छाद मांडला आहे. छातीत धडधड उठवणाऱ्या आवाजाला सरावलेल्या कानाला तंबोरा ऐकूच येत नाही. संगीतरसिक घडवण्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी याविषयीही बोलावे.

कळण्याआधी ऐकावे

मग ज्याला ‘काही कळत नाही’ त्याने सुरुवात कोठून करावी? जे आधीच आवडते, तेथून. आटपाडी तालुक्यातील शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेले ‘गीतरामायण’ १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. एकूण गीते ५६. लोक रेडिओला हार घालून ऐकत, ही आठवण जुनी माणसे सांगतात. त्यातले पहिलेच गीत भूपाच्या सुरांत आहे. मध्यम आणि निषाद वर्ज्य असलेला, पाच स्वरांचा हा राग संगीताच्या वर्गात बहुधा आरंभीच शिकवतात. ते गीत आधी ऐकावे, मग कोणत्याही मोठ्या गायकाचा भूपातला ख्याल लावावा. ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तसे दहाव्या मिनिटाला काहीतरी ओळखीचे सापडते. तसेच यमनाचे, भीमपलासाचे, बागेश्रीचे. विविध भारतीवरील ‘संगीत सरिता’ने अनेक वर्षे हेच केले : आधी रागाची ओळख, मग त्यातले चित्रपटगीत. १९६३ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या सांगली केंद्रानेही या भागातल्या कित्येक घरांत सकाळच्या चहाबरोबर गाणे पोहोचवले.

दुसरी सूचना वेळेची. एका आठवड्यात दहा राग ऐकण्यापेक्षा एकच राग रोज, त्याच्या ठरल्या प्रहरी ऐकावा. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना ऐकले तरी चालते. संगीताचा त्यात अपमान होत नाही. महिन्यातून एकदा मात्र दुसरे काहीही न करता अर्धा तास बसावे. पहिली पाच मिनिटे गायकाकडे लक्ष न देता फक्त तंबोरा ऐकावा. मग गायक षड्जावर कसा येतो ते पाहावे. तबल्याच्या मात्रा मोजू नयेत. समेवर गायक आणि तबलजी एकत्र येतात तो क्षण आपोआप जाणवू लागतो. गायक मुद्दाम समेला हुलकावणी देतो, तेव्हा हसू आले, तर समजावे की आपला पाय जमिनीला लागला.

आणि प्रत्यक्ष ऐकावे. सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात ५ नोव्हेंबरला रंगभूमीदिनी भावे गौरवपदक दिले जाते. साताऱ्यात शाहू कलामंदिर आहे. वाईत कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर कीर्तने होतात. नारदीय कीर्तनातल्या पूर्वरंगात रागदारी ऐकण्याजोगी असते. औंधला जायचे, तर पुणे-मिरज लोहमार्गावरच्या रहिमतपूरला उतरून पुढे बसने जाता येते, साताऱ्याहूनही रहिमतपूरमार्गेच रस्ता आहे. अश्विनात रात्री गारवा असतो, सोबत शाल असावी. मीरासाहेबांच्या उरुसाची तारीख चांद्रमासाप्रमाणे दरवर्षी अलीकडे सरकते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करून घ्यावी. चिंचेखाली बसायला जागा लवकर गेलेल्यालाच मिळते.